एक खाली, एक वर

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (या खेपेस साष्टांग हा शब्द अक्षरशः घ्यावा. गेले तीन दिवस मी पालथा पडून आहे आणि हे पत्रही हनुवटीखाली उशी घेऊन पालथ्यानेच लिहितो आहे. समुद्रातल्या एका झटापटीत साळिंदराच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या एका काटेरी प्राण्याचे सतरा काटे मला लागले. कुठे ते विचारू नये, बसता येत नाही एवढंच सांगतो.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघे काय म्हणतात? झोप लागते का? जेवण वेळेवर होतं ना? आपण औषधं आपली आपण घेता की कुणी आपल्याला... असो, इथवर आपण-आपण लिहून माझा हात भरून आला. थोरल्यांना पत्रात अहो-जाहो करावं ही आईची शिस्त. तिचा मान राखून एक परिच्छेद काढला. आता तुझी परवानगी गृहीत धरून अरे-तुरेवर येतो.

तर दादा, तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा आठ महिन्यांत जिना उतरलेले नाहीत. वहिनी गेल्यापासून दुकानाचं शटर वर गेलेलं नाही, खुर्ची खिडकीशी असते पण तोंड भिंतीकडे, आणि कुणी काही सुचवलं की 'आता काय करायचंय बाहेर जाऊन' हे एकच वाक्य. गावातली सगळी घड्याळं ज्याच्या हाताखालून गेली त्याच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद आहे आणि त्याला त्याची किल्ली फिरवावीशी वाटत नाही, असंही म्हणाली. मी तिला म्हटलं, मी लिहितो दादाला. पण हे पत्र त्याविषयी नाही. समजूत घालायला कुणी आलं की तू डोळ्याला भिंग लावून बहिऱ्याचं सोंग घेतोस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. हे पत्र माझ्या मासेमारीविषयी आहे, आणि त्यात पुढे तुझ्यावर एक गंभीर आरोप आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचावंस.

दीड वर्षापूर्वी मी चष्म्याचं दुकान उचलून या बेटावर आणलं ते तुला माहीत आहे. बेट एवढंसं आहे. या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाचा माणूस दुपारी भेटल्यावर सर्दीची चौकशी करतो. इथे चष्मेवाला नव्हता म्हणून आलो, आणि सहा महिन्यांत बेटावरचे सगळे डोळे तपासून संपले. (डोळे काही रोज नवे येत नाहीत. हा विचार दुकान हलवण्याआधी करायला हवा होता असं ही म्हणते, आणि आठवड्यातून दोनदा म्हणते.) दुपारी हाताला काम उरेना. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातला प्रकार. मी समोरच्या पोस्टात जाऊन पोस्टमास्तरांशी गप्पा मारू लागलो. हे गृहस्थ माझ्याच वयाचे, गोल, शांत, आणि पाकिटावर शिक्का मारताना प्रत्येक वेळी दोनदा मारणारे. त्यांनीच मला मंडळाबद्दल सांगितलं.

हे मंडळ भाल्याने मासे मारणाऱ्यांचं आहे. दचकू नकोस. जाळं नाही, गळ नाही, पाठीवर हवेची टाकी नाही. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात नळी, पायांत रबरी बेडूकपाय आणि हातात मागच्या टोकाला रबर बांधलेला भाला. बेटाच्या कडेला पाणी उथळ आहे, कुठे कमरेइतकं, कुठे दोन पुरुष. श्वास धरून खाली जायचं, मासा दिसला तर ताणलेलं रबर सोडायचं, न दिसल्यास वर येऊन दिसला होता असं सांगायचं. वीतभरापेक्षा लहान माशाला हात लावायचा नाही आणि पोटाला पुरेल त्याहून जास्त आणायचा नाही. हा दुसरा नियम मी आजवर एकदाही मोडलेला नाही. मी भाला घेऊन निघालो की ही भाजी चिरायला बसते.

मंडळाच्या प्रमुख एक निवृत्त परिचारिका आहेत. वय सत्तरीच्या आसपास, अंगात सोळाची चपळाई, आणि सगळं बेट त्यांना मेट्रन म्हणतं. बेटावरची निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली, त्यामुळे कुणाचीही भीड म्हणून नाही. त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं एक जुनं, किल्लीचं, सेकंद मोजायचं घड्याळ असतं. होड्या ठेवायच्या शेडमध्ये मंडळाची कचेरी आहे. तिथे एक टेबल, एक पत्र्याचा टब, आणि भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेला एकच नियम: एक खाली, एक वर. वरचा नसेल तर खालचाही नाही. म्हणजे असं की, पाण्यात उतरायचं ते जोडीनेच. एकजण बुडी मारतो, दुसरा वर लाल तरंगा धरून, पाण्यात तोंड घालून त्याच्यावर नजर ठेवतो आणि मनात आकडे मोजतो. ठरलेला आकडा झाला की हातातले दोन गोटे पाण्यात एकमेकांवर आपटायचे. पाण्यात तो आवाज घरातल्या घरात आल्यासारखा येतो. आवाज आला की खालच्याने वर यायचं, समोर सोन्याचा मासा का असेना.

आता आरोपाकडे येतो. प्रवेशाच्या अर्जात एक रकाना होता: श्वास किती वेळ धरता येतो? मी लिहिलं, दोन मिनिटं. पुढे साक्षीदाराचा रकाना नव्हता, तरी समासात लिहिलं, 'मोजणारे: थोरले बंधू, व्यवसायाने घड्याळजी.' तुला आठवत असेलच. घरामागचा हौद, मी सहा वर्षांचा, तू तेरा. मी नाक दाबून पाण्यात डोकं घालायचो आणि तू हौदाच्या कडेवर आईची पितळी पळी आपटत मोजायचास, एका आकड्याला एक ठोका. एके दिवशी एकशे वीस ठोके झाले. तू कोळशाने भिंतीवर १२० लिहिलंस आणि आईचा मार दोघांनी मिळून खाल्ला. तो आकडा मी त्रेपन्न वर्षं अंगावर दागिन्यासारखा वागवला. शाळेत सांगितला, नोकरीच्या मुलाखतीत सांगितला, लग्न ठरताना तर माझ्या अंगच्या गुणांत सांगण्यासारखा तेवढाच होता. मेट्रननी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि टबाकडे बोट केलं. मी डोकं घातलं. डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत धरलं, वर आलो, आणि त्या म्हणाल्या, 'एक्केचाळीस.' मी म्हटलं, घड्याळ बिघडलंय. पुन्हा केलं. अडतीस. तिसऱ्यांदा छत्तीस. मी सगळ्यांसमोर ठासून सांगितलं की माझ्या दादाने मोजलेलं चुकणं शक्य नाही, तो सेकंदाचा माणूस आहे, त्याच्या दुकानातली चाळीस घड्याळं एकदम ठोके देतात. मेट्रन शांतपणे म्हणाल्या, 'मग बोलवा दादाला.' आणि अर्जावर लाल शाईने लिहिलं: उथळ पाणी.

उथळ पाण्यात माझी आणि पोस्टमास्तरांची जोडी लागली. जोडी म्हणजे कशी, दोघांनाही काही येत नाही हे दोघांनाही माहीत. सुरुवातीला मी त्यांना माझ्या धंद्यातलं ज्ञान दिलं. काचेतून पाहिलं की पाण्यातली वस्तू आहे त्याहून मोठी आणि जवळ दिसते, म्हणून मासा हातावर आहे असं वाटलं तरी तो त्याच्या पलीकडे असतो, हे मी कागदावर आकृती काढून समजावलं. मग पाण्यात उतरलो, ताटाएवढा मासा हातावर दिसला, भाला सोडला, आणि भाला माशाच्या हातभर अलीकडेच दमून थांबला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फक्त मी ओला पाषाण. मग मी ठरवलं की मुखवट्यात माझ्या नंबरच्या काचाच बसवाव्यात. त्याच संध्याकाळी पोस्टमास्तरांचा नवा चष्माही करायचा होता. टेबलावर दोन पुड्या होत्या. पुढचं तू ओळखलंस. चार दिवस मला समुद्र ताकासारखा दिसत होता, आणि मी खडकांना भाले मारून दोन टोकं वाकवली. तिकडे पोस्टमास्तर चार दिवस शिक्के स्वतःच्या अंगठ्यावर मारत होते. ते वयाचा दोष समजून कुणाला बोलले नाहीत, मी समुद्राचा दोष समजून बोललो नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या अंगठ्यावर चार तारखा पाहिल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

काचा बदलल्यावर मला स्पष्ट दिसू लागलं, आणि स्पष्ट दिसत असताना मी जो पहिला नेम अचूक मारला तो आमच्या लाल तरंग्याला. तो फुस्स करून बसला. पोस्टमास्तर त्याच्याच आधाराने तरंगत होते, त्यांनी माझा गळा धरला, मी त्यांचा धरला, आणि आम्ही दोघांनी मिळून वाचवा-वाचवा असा ओरडा केला की खडकावरचे पक्षी उडाले. मेट्रन किनाऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून फक्त एवढंच सांगितलं: 'उभे राहा.' आम्ही उभे राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं. (ही हकीकत बेटावर सगळ्यांना माहीत आहे. हल्ली माझ्या दुकानात कुणी चष्मा लावून पाहिला की जाताना 'बरं, उभे राहा' म्हणून जातो.)

इतकं होऊनही मी रोज का जातो, असं तू विचारशील. तू विचारणार नाहीस, भिंतीकडे बघत बसशील, पण मी सांगतोच. खाली एक मासा आहे. दुसऱ्या खडकामागे राहतो, रुंद, राखाडी, कपाळावर आठी. मी त्याला साहेब म्हणतो. मी खाली गेलो की तो बाहेर येतो आणि समोर थांबून माझ्याकडे नीट बघतो. पस्तीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत बघतो आहे, पण माझ्याकडे इतक्या शांतपणे कुणी बघितलेलं नाही. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे तो आधी नजर काढेल अशी सोय नाही. नऊ वेळा मी त्याच्यावर भाला रोखला आणि नऊ वेळा तो थोडा बाजूला सरकला, गर्दीत कुणाला वाट द्यावी तसा. तिथे खाली ऊन हलत असतं, कानात आपलाच ठोका ऐकू येतो, आणि जगातली कुठलीच कटकट छत्तीस सेकंद आठवत नाही. इथे आल्यापासून मला जे बरं वाटतंय ते या छत्तीस सेकंदांमुळे. हे मी हिलाही सांगितलेलं नाही.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट, जिच्यासाठी एवढं लांबण लावलं. त्या सकाळी पोस्टमास्तर खाली आणि मी वर होतो. मेट्रननी आकडा दिला होता चाळीस. मी पाण्यात तोंड घालून पाहत होतो. दादा, वरून बघताना खालचा माणूस फार लहान दिसतो रे. एवढा गोल माणूस, पण तिथे हिरव्या पाण्याच्या तळाशी लिंबाएवढा दिसत होता, आणि माझ्या हातात दोन गोटे सोडून काही नव्हतं. मी चाळीस मोजले, गोटे आपटले. पोस्टमास्तर वर येऊन फुसफुसू लागले, 'अहो, आत्ता तर गेलो होतो, मासा नाकासमोर होता.' किनाऱ्यावरून मेट्रन म्हणाल्या, 'सोळा.' म्हणजे माझे चाळीस त्यांच्या घड्याळात सोळा सेकंदांत झाले होते. मी म्हटलं, घड्याळ बिघडलंय. त्यांनी पुन्हा करायला लावलं. पंधरा. मग म्हणाल्या, या खेपेस मोठ्याने मोजा. मी नळी काढून मोठ्याने मोजू लागलो, आणि सगळ्यांनी ऐकलं. दहापर्यंत माणसासारखे आकडे, आणि पुढे शाळा सुटायच्या घंटेआधी पाढे म्हणावेत तसे. एकोणतीस कुठेच ऐकू आला नाही. तेहतीस तर थेट अडतिसाच्या अंगावर पडला. मी पाण्यात उभा होतो, तोंडात आकडा होता, आणि मला ती पितळी पळी ऐकू आली. सुरुवातीचे ठोके सावकाश. आणि मग टकटकटकटक.

म्हणजे असा हा आरोप आहे. तू चोरलेस. फार तर एक्केचाळीस सेकंदांत एकशे वीस ठोके घुसवलेस, ज्याच्या हातून पुढे आयुष्यात एक सेकंद इकडचा तिकडे झाला नाही त्याने. मी इतकी वर्षं समजत होतो की माझी छाती मोठी आहे. छाती माझी मोठी नव्हती, घाबरली तुझी होती. आई घरात नाही, धाकटा भाऊ पाण्यात, आणि वर तू एकटा, तेरा वर्षांचा. मी लवकर वर यावं म्हणून तू मोजत सुटायचास आणि मी वर आलो की माझा विक्रम झाला म्हणून नाचायचास. मला पाण्यात उभ्या उभ्या रडू आलं. (मुखवट्याच्या आतून रडण्याची सोय नसते. काचा धुक्याने भरतात, आणि आपणच बनवलेल्या काचांना नावं ठेवता येत नाहीत.) मेट्रन पाण्यात उतरून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता भाला काढून घेणार. त्या म्हणाल्या, 'वरच्याने असंच मोजावं. ज्याला हळू मोजता येतं त्याला मी वर ठेवत नाही.' आणि मग जाता जाता: 'तुमचे ते घड्याळजी बंधू अजून मोजतात का?' मी म्हटलं, विचारून सांगतो.

दादा, हे पत्र त्याविषयी नाही असं मी वर लिहिलं, ते खोटं होतं. तू आठ महिने खाली आहेस, आणि तुझी लेक आणि मी वर उभे राहून मोजतो आहोत. आमचे आकडे कधीच संपले. वहिनी होती तोवर तुझी काळजी तिची होती, आम्ही निर्धास्त होतो. आता आमच्या हातात गोटे आहेत आणि ते कसे आपटावेत हे आम्हाला कळत नाही, म्हणून हे पत्र. तिला फोनवर रडू येतं ते तुला ऐकू जाऊ नये म्हणून तुझ्याकडे आली की ती गॅलरीत जाऊन बोलते, हे तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलं होतं.

बाकी सर्व ठीक. हिचा तुला नमस्कार. ती म्हणते, भाऊजींना लिहा की इथली हवा गुडघ्यांना चांगली आहे. (हवेचा आणि गुडघ्यांचा संबंध तिने कुठून लावला ते मला माहीत नाही, पण मागची खोली तिने परवाच झाडून घेतली.)

तुझ्या ठोक्यांवर वाढलेला,
बारक्या

ता. क. काट्यांबद्दल मी 'समुद्रातल्या झटापटीत' असं लिहिलं आहे. ती धक्क्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर झाली. पाणी घोट्याएवढं होतं. मी बेडूकपाय काढायला बसलो, आणि तो प्राणी तिथे आधीच बसलेला होता.

आणखी एक ता. क. पोस्टमास्तरांची बदली झाली आहे, महिनाअखेर जातील. वरचा नसेल तर खालचाही नाही, म्हणजे माझं पाणी बंद, आणि साहेबाला वाटेल मी घाबरलो. नव्या जोडीदाराचा अर्ज भरायचा होता, मी तुझं नाव लिहिलं. संमतीच्या रकान्यात तुझी सही मीच केली. तुझी सही मी चौथीत असल्यापासून करतो. वरच्याला पोहावं लागत नाही, बुडी मारावी लागत नाही, आम्ही जातो तिथे पाणी कमरेइतकंच असतं. (भरवसा नसेल तर बेटावर कुणालाही विचार.) साहेबाला मी मारणार नाही, हे मात्र मंडळात बोलू नकोस.

आणि आणखी एक. मेट्रनचं घड्याळ बंद पडलं आहे. आपोआप बंद पडलं असं मी त्यांना सांगितलं आहे. खरं म्हणजे ते बिघडलेलंच आहे हे सिद्ध करायला, घड्याळजीचा भाऊ या नात्याने, मी ते मागून उघडलं. परत मिटल्यावर एक स्क्रू आणि एक केसाएवढी तार उरली. दोन्ही काडेपेटीत जपून ठेवली आहेत. तेव्हापासून मंडळात कुणालाच पाण्यात जायला परवानगी नाही आणि सगळं बेट माझ्याकडे बघतं आहे. येताना तुझी बारीक हत्यारांची पेटी आण. दुकानाचं शटर वर केल्याशिवाय ती मिळणार नाही, याची मला कल्पना आहे.

शेवटचा ता. क. हे पत्र मी तुझ्या पत्त्यावर नाही, तुझ्या लेकीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तू हे वाचत असशील तेव्हा ती दारात उभी असेल, हातात तुझी बॅग असेल. बोट शनिवारी सकाळी दहाला सुटते. धक्क्यावर मी उभा असेन (बसता येत नाही). तुझ्या मुठीत मावतील असे दोन गोटे निवडून धुऊन ठेवले आहेत. घड्याळ दुरुस्त झालं की मेट्रनच्या गळ्यात घालून दे आणि त्याच्याकडे बघू नकोस. पूर्वीसारखंच मोज.